व्यसनातून बाहेर येताना ख्रिस्तावरचा विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारू सोडून मला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून नव्याने येणाऱ्या माणसांबरोबर बसतो. व्यसन सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगमध्ये सगळे शहाण्यासारखं बोलतात; खरे प्रश्न येतात ते मीटिंग संपल्यावर, दारात उभं राहून, हळू आवाजात. तेच इथे घेतले आहेत. मी दारूबद्दल लिहितो कारण मला तीच माहीत आहे. गोळ्या, गर्द, जुगार यांच्यात अडकलेल्यांनी आपापला शब्द घालून वाचावं. मी डॉक्टर नाही आणि चर्चचा पाळकही नाही.

देवाने मला टाकून दिलंय असं वाटतं. तो रागावला असेल ना?

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम फळ खातो आणि झाडांमागे लपतो. त्यानंतर देवाचा पहिला प्रश्न 'असं का केलंस?' हा नाही. तो विचारतो, 'तू कोठे आहेस?' व्यसनी माणसाला हा प्रश्न बरोबर लागतो, कारण त्याचं निम्मं आयुष्य लपवण्यात गेलेलं असतं. बाटली लपवायची, वास लपवायचा, उधारी लपवायची, शेवटी आरशात बघायचंच टाळायचं. माझं मत विचाराल तर दारूइतकंच हे लपणं माणसाला खातं. सुटका सुरू होते तीही दारू थांबायच्या आधी, लपणं थांबतं तेव्हा.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलगा घरी येताना भाषण पाठ करून येतो. त्यातलं शेवटचं वाक्य असतं, मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जातो, गळ्यात पडतो. मुलगा भाषण सुरू करतो, पण ते मोलकऱ्याचं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. त्याआधीच बाप चाकरांना चांगला झगा आणायला पाठवतो. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होतो. ते एक वाक्य गळालंय हे मला दारू सुटल्यावर दिसलं.

व्यसन हे पाप आहे की आजार?

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ साली दारूचं व्यसन हा आजार असल्याचं मान्य केलं. मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा, म्हणजे 'हे पुन्हा कर' असं सांगणारी जागा, नशेने बिघडते. थांबवणारा भाग कमजोर पडतो. म्हणून 'मनावर घे, सुटेल' हा सल्ला पाय मोडलेल्याला 'चाल की' म्हणण्यासारखा आहे.

दुसरीकडे येशूचा प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात लिहितो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि जे नको तेच मी करतो. व्यसनाचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही, आणि तो तर दारूबद्दल बोलतही नाहीये.

मला दोन्ही शब्द लागतात. आजार म्हटल्यावर लाज कमी होते. पाप म्हटल्यावर बायकोला दिलेल्या शिव्या आणि आईच्या औषधाचे उडवलेले पैसे 'आजारपणात झालं' म्हणून खात्यातून पुसता येत नाहीत. मधुमेह झाला यात माणसाचा दोष नसेल, पण इन्सुलिन त्यालाच घ्यावं लागतं. जो पाळक फक्त पाप म्हणतो तो माणसाला चिरडतो. जो सल्लागार फक्त आजार म्हणतो तो त्याला क्षमा मागायची संधीच देत नाही.

विश्वास असेल तर डॉक्टरांची गरज काय? प्रार्थनेने सुटणार नाही का?

इथे घाई करू नका, कारण या एका गैरसमजाने माणसं मरतात.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, दिवस-रात्रीचं भान सुटतं, ताप आणि रक्तदाब चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न झाल्यास त्यात जीव जाऊ शकतो. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या अचानक तोडल्या तरी हेच होऊ शकतं. म्हणून डिटॉक्स, म्हणजे शरीरातून नशा उतरवणं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा. खोलीत कोंडून, उपास करून, रात्रभर प्रार्थना करून नव्हे.

हेरॉइन किंवा तशा वेदनाशामकांचा धोका वेगळा आहे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. मग घसरलेला माणूस जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यावरचे पहिले दिवस म्हणूनच सगळ्यात घातक.

तलफ कमी करणारी औषधं आहेत: दारूसाठी नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट, अफूवर्गीय नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन. ती घेणाऱ्याला 'एक नशा सोडून दुसरी धरली' असं मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, कोणी म्हणालं तर त्याला नम्रपणे गप्प करा. तिसरं शुभवर्तमान परंपरेने ज्याच्या नावावर आहे त्या लूकला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो, आणि वैद्यकी सोडून दे असं त्याने लूकला कुठेही सांगितलेलं नाही.

साक्ष देणाऱ्यांची एका रात्रीत सुटली. माझी का नाही?

साक्ष, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते मंडळीसमोर सांगणं, दहा मिनिटांची असते, त्यात दहा वर्षं बसत नाहीत. बिल विल्सनला, जो पुढे दारू सोडणाऱ्यांच्या ए.ए. या संघटनेचा, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा सहसंस्थापक झाला, १९३४ च्या डिसेंबरमध्ये प्रकाशाचा आणि शांतीचा जबरदस्त अनुभव आला. हे सगळे सांगतात. तेव्हा तो रुग्णालयात उपचार घेत होता, हे कमी सांगितलं जातं. आणि पाचच महिन्यांनी, अ‍ॅक्रन गावात धंद्याचा सौदा फिसकटल्यावर, तो हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका बाजूला बारमधून हसण्याचे आवाज येत होते, दुसऱ्या बाजूला चर्चच्या पत्त्यांचा फलक होता. त्याने फोन उचलला. त्या फोनांच्या साखळीतून त्याची डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. हे डॉक्टरही त्यानंतर एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊनच परतले. त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, आणि ए.ए. आपला वाढदिवस तोच मानते.

मार्कच्या आठव्या अध्यायात येशू एका आंधळ्याच्या डोळ्यांना हात लावतो, तेव्हा त्याला माणसं दिसतात ती चालणाऱ्या झाडांसारखी. येशू दुसऱ्यांदा हात लावतो, मग स्वच्छ दिसतं. दोन हप्त्यांत केलेला चमत्कार. पहिल्या वर्षात मला सगळं जग झाडांसारखंच दिसत होतं.

बारा पायऱ्या ख्रिस्ती आहेत का?

बारा पायऱ्या म्हणजे दारूतून बाहेर यायचा ए.ए.चा ठरलेला क्रम. त्यांचं मूळ ख्रिस्ती आहे, घर सगळ्यांचं. विल्सन आणि स्मिथ दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून आले होते. दोष कबूल करणं, नुकसान भरून देणं, दुसऱ्याला मदत करणं हे तिथलंच. सुरुवातीच्या काळात डोंगरावरचं प्रवचन, याकोबाचं पत्र आणि पहिल्या करिंथकरांस पत्रातला प्रेमाचा तेरावा अध्याय हेच वाचन असे. १९३९ साली पायऱ्या छापून आल्या तेव्हा 'आम्हाला जसा समजला तसा देव' अशी शब्दयोजना केली गेली, म्हणजे नास्तिकालाही आत पाऊल टाकता यावं. ए.ए. कुठल्याही धर्माशी किंवा चर्चशी जोडलेली नाही.

उघडपणे ख्रिस्ती वाट हवी असेल तर 'सेलिब्रेट रिकव्हरी' आहे. ती १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये सुरू झाली आणि तिची आठ तत्त्वं डोंगरावरच्या प्रवचनातल्या येशूच्या 'धन्य ते' या वचनांवर बेतलेली आहेत. त्याहून कितीतरी जुना 'ब्लू क्रॉस', १८७७ साली जिनिव्हात एका पाळकाने सुरू केलेला.

कामाचं एक: कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं, एकत्र तपासली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत लोकांना ए.ए.कडे नेणारे, ठरलेल्या पद्धतीने चालवलेले कार्यक्रम इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. मी तर दोन्हीकडे जायला सांगतो. मीटिंग आणि उपासना यांच्यात भांडण लावायचं कारण नाही.

मंडळीत सांगू का? लोक काय म्हणतील?

सगळ्यांना नको. एकाला सांगा, पण त्या एकाला सगळं सांगा.

याकोब म्हणतो की आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही निरोगी व्हाल. 'एकमेकांजवळ' या शब्दात व्यासपीठ येत नाही. माणूस निवडताना मी एवढंच बघतो: दुसऱ्यांबद्दल तो माझ्याकडे काय बोलतो? जो तुम्हाला शेजाऱ्याची गुपितं सांगतो तो उद्या तुमची सांगेल. कॅथलिक असाल तर पापनिवेदन आहे. तिथे ऐकलेलं फादरांना कोणालाही सांगता येत नाही.

दोन महिने झालेल्या माणसाला माइक देऊन साक्षीला उभं करण्याची एक वाईट सवय काही मंडळींना असते. मलाही केलं होतं. टाळ्या पडल्या, लोकांनी गळामिठ्या मारल्या, आणि त्याच आठवड्यात मी प्यायलो. नंतर खरं सांगायची सोयच राहिली नाही, कारण मी आता सगळ्यांचा चमत्कार होतो. वर्षभर तरी माइकपासून लांब राहा. खुर्च्या मांडायला मात्र जरूर जा.

लाजर कबरेतून बाहेर येतो ती गोष्ट आठवा. येशू त्याला जिवंत करतो, पण हातपाय अजून पट्ट्यांनी बांधलेले असतात. त्या सोडायचं काम तो भोवतीच्या लोकांना सांगतो. मंडळी असते ती यासाठी.

पुन्हा प्यायलो. आता काय?

आता खरं सांगा, आजच. घसरण हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो: घसरलेला माणूस वाटेवरच असतो. व्यसनातून बरं होणाऱ्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक कधी ना कधी पुन्हा घेतात असा अंदाज आहे. दमा आणि रक्तदाबाच्या रुग्णांतही पुन्हा उचल खाण्याचं प्रमाण साधारण असंच असतं. हा आकडा परवानगी म्हणून वाचू नका. लाजेने आणखी महिनाभर पीत राहू नये म्हणून तो सांगितला.

पहिल्या दिवसात करायचं ते एवढं: उरलेली ओतून द्या, एका माणसाला फोन करा, बरेच दिवस प्यायला असाल तर डॉक्टरांकडे जा, पुढच्या मीटिंगला जाऊन बसा. 'असं का झालं' याचा शोध दोन दिवसांनी घ्या. प्यायलेल्या डोक्याने केलेलं आत्मपरीक्षण म्हणजे पिण्याचं पुढचं निमित्त.

येशूचा शिष्य पेत्र याने कोळशाच्या शेगडीजवळ उभं राहून येशूला तीनदा नाकारलं. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा कोळशाचा विस्तव आहे. येशूने त्यावर मासे भाजलेत आणि तो पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? आधी न्याहारी, मग प्रश्न, आणि लगेच काम: माझी मेंढरे पाळ. चौकशी समिती नाही, सहा महिन्यांची निलंबनाची मुदत नाही.

प्रार्थना कोरडी वाटते. आशा वगैरे काही वाटत नाही.

पहिले काही महिने बऱ्याच जणांना काहीच गोड लागत नाही: जेवण नाही, गाणं नाही, देवही नाही. वर्षानुवर्षं नशेने ढवळलेल्या मेंदूला साध्या आनंदाची सवय परत लागायला वेळ लागतो. त्याला अविश्वास समजू नका.

पहिल्या राजांच्या पुस्तकातला संदेष्टा एलीया रानात झाडाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, एलीया पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा खायला घालतो. दोनदा झोप, दोनदा जेवण, बोलणं नंतर. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी कसलीही हलेलुया नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे.

स्वतःचा विश्वास नसेल तेव्हा दुसऱ्याच्या विश्वासावर चालतं. पक्षाघात झालेल्याला चौघांनी छत उकलून खाली सोडलं, तेव्हा येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं मार्क लिहितो.

मरून जावंसं वाटत असेल, तर हे पान बंद करा आणि आत्ता जवळच्या माणसाला सांगा, किंवा थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. एकटे राहू नका.

दारू गेली, पण आयुष्यात उरलं काय? उद्देश कुठून आणायचा?

हा प्रश्न साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात येतो, आणि बहुधा संध्याकाळी येतो. आधी दिवसाला एक उद्देश होता: मिळवायची, प्यायची, लपवायची. पूर्णवेळचीच नोकरी ती. ती सुटल्यावर सहा ते दहा हे चार तास डोंगराएवढे होतात.

लोक मोठा उद्देश शोधू लागतात. कोणी म्हणतो मी पाळक होणार, कोणी म्हणतो केंद्र काढणार. मी म्हणतो, आधी आजची संध्याकाळ. इस्राएलाला रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून पाठवलेलं अन्न, मिळत असे तो त्या दिवसापुरता. उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडत. 'फक्त आजचा दिवस' हे आमचं वाक्य त्याच जातीचं.

डब्लिनचा मॅट टॅल्बट (१८५६ ते १९२५) हा हमाली करणारा माणूस, लहान वयातच दारूत बुडालेला. १८८४ मध्ये, २८ व्या वर्षी, त्याने शपथ घेतली ती तीन महिन्यांची, कारण जन्मभराची झेपेल असं त्याला वाटत नव्हतं. मग ती वाढवत नेली, उरलेली ४१ वर्षं. या काळात त्याने काही मोठं उभारलं नाही. हमालीच केली, उधारी फेडली, प्रार्थना केली, मिळकतीतलं गरजूंना दिलं. कॅथलिक चर्चने १९७५ साली त्याला 'आदरणीय' घोषित केलं, ही संतपदाच्या वाटेवरची एक पायरी.

मार्कच्या पाचव्या अध्यायातला, कबरींत राहणारा, बेड्या तोडणारा माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर नावेत बसायला बघतो. येशू नाही म्हणतो आणि त्याला घरी पाठवतो, आपल्या माणसांकडे. हे अवघड काम आहे. अनोळखी लोकांसमोर पवित्र होणं सोपं. ज्या घरात आपण ताटं फेकली तिथे रोज वेळेवर जेवायला येणं कठीण.

आणि मग एक दिवस नवा कोणीतरी येतो, थरथरत, आणि तुम्ही त्याला पाणी देता. तुमची सगळ्यात लाजिरवाणी आठवण त्याच्या उपयोगी पडते. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या सुरुवातीलाच पौल हे म्हणतो: आपल्याला मिळालेल्या सांत्वनानेच आपण दुसऱ्याचं सांत्वन करू शकतो.

वाया गेलेली वर्षं परत मिळतील का?

टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई करीन, असं योएलच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो. ते वचन मला प्रिय आहे, पण त्याचा वापर जपून करा. मुलीचं बालपण परत येत नाही. गेलेलं यकृत स्तोत्र म्हणून बरं होत नाही. भरपाई होते ती वेगळ्या नाण्यात.

आपल्या बाजूने करायचं ते येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाने केलं: ज्याला फसवलं त्याला चौपट परत. रक्कम ठरवून, माणूस ठरवून. 'सगळ्यांची मनापासून माफी मागतो' असा मेसेज ग्रुपवर टाकणं म्हणजे परतफेड नव्हे.

घरच्यांनी काय करावं? क्षमा करायची म्हणजे सगळं विसरायचं?

क्षमा आणि भरवसा यांची खाती वेगळी ठेवा. क्षमा आज देता येते. भरवसा त्याला हळूहळू कमवू द्या. क्षमा केली म्हणजे एटीएम कार्ड परत दिलंच पाहिजे असं नाही. मारहाण होत असेल तर आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा, प्रार्थना तिथून करा. 'बायकोने सोसावं' असा वचनाचा अर्थ लावणाऱ्याचं ऐकू नका.

त्याच्या जेवणात गुपचूप दारू सोडवण्याच्या गोळ्या मिसळू नका. डायसल्फिरामसारख्या गोळीवर दारू पडली तर जिवावर बेतू शकतं. ती रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायची असते. शिवाय घरात आणखी एक लपवालपवी सुरू होते.

तुमच्यासाठीही गट आहेत. अल-अनॉन १९५१ पासून दारूच्या व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी चालतं, पिणारा येवो न येवो. संत ऑगस्टीनची आई मोनिका मुलासाठी रडली हे सर्वांना ठाऊक असतं. पण तिला स्वतःलाच लहानपणी कोठारातला द्राक्षारस चोरून प्यायची सवय लागली होती, आणि एका दासीने भांडणात 'दारुडी' म्हणून हिणवल्यावर ती सुटली, हेही ऑगस्टीननेच लिहून ठेवलंय.

प्रभुभोजनात द्राक्षारस असतो. घेऊ का?

पाळकांना आधी सांगा. अनेक मंडळ्या न आंबलेला रसच वापरतात. कॅथलिक शिकवणीप्रमाणे फक्त भाकरीच्या रूपात घेतलेला ख्रिस्तप्रसादही परिपूर्ण असतो. 'एका घोटाने काय होतंय' हे वाक्य आम्ही सगळ्यांनी कधीतरी म्हटलेलं आहे.

ख्रिस्ती केंद्र चांगलं की नाही हे कसं ओळखावं?

डॉक्टर कधी येतात ते विचारा. चालू औषधं बंद करायला लावतात का, घरच्यांना भेटू देतात का, बाहेर पडायचं असेल तर दार उघडतात का, हेही विचारा. साखळ्या, मारहाण, उपाशी ठेवणं किंवा 'आमच्याकडे शंभर टक्के खात्री' यातलं काहीही दिसलं तर भिंतीवरचा क्रूस न बघता परत फिरा.

मी ख्रिस्ती नाही. येऊ का?

या. मागच्या खुर्चीवर बसा, काही बोलू नका, चालेल.

मला प्रार्थना करताच येत नाही. काय म्हणू?

पाण्यात बुडताना पेत्र जे ओरडला ते: प्रभो, मला वाचव. तेवढं म्हणून झालं की कोणाला फोन करायचा ते ठरवा, आणि तलफ पुन्हा चढायच्या आत तो करा.